स्कूटीला गिअर विचारतात, ट्रकला विचारत नाहीत

मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या कलमात दुचाकीचे दोन वर्ग आहेत. एक बिनगिअरची, दुसरी गिअरची. स्कूटीवर टेस्ट दिलेल्या मुलीला बुलेट चालवायची असेल तर तिला वेगळी परवानगी काढावी लागते. यात सरकारचे काही चुकत नाही. क्लच आणि गिअर आले की हात, पाय आणि कान यांचे एक वेगळेच काम सुरू होते. ते शिकल्याशिवाय माणसाने रस्त्यावर येऊ नये.

त्याच कलमात पुढे ‘परिवहन वाहन’ असा एक वर्ग येतो आणि विषय संपतो. पूर्वी मध्यम मालवाहू, अवजड मालवाहू असे वेगवेगळे वर्ग होते. ते १९९४च्या दुरुस्तीत एकाखाली आले. लायसन्सवर अवजडचा शिक्का पडतो, फार तर ट्रेलरचा पडतो, पण गिअरबद्दल एक अक्षर नसते. सहा गिअरच्या सहाचाकीवर टेस्ट दिलेला पोरगा दुसऱ्या दिवशी नऊ किंवा सोळा गिअरच्या ट्रेलरवर बसला, तर कायद्याची काहीच हरकत नाही. म्हणजे पन्नास किलोच्या मुलीची आपल्याला काळजी आहे आणि पन्नास टनांच्या लोखंडाची नाही.

हा मुद्दा मला शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांमुळे सुचला. एका बाजूने पुणे-नगर रस्ता, दुसऱ्या बाजूने पुणे-सोलापूर. रांजणगावची एमआयडीसी, कुरकुंभची रासायनिक एमआयडीसी, दौंडचे रेल्वे जंक्शन. पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा अशा साखर कारखान्यांच्या हंगामांनी ट्रकवाल्यांच्या पिढ्या पोसल्या. या सगळ्याला जोडणारा रस्ता न्हावऱ्याहून निघून पारगावला भीमा ओलांडतो आणि केडगाव-चौफुल्याला सोलापूर रस्त्याला मिळतो. रात्री त्या रस्त्याकडेला उभे राहा. एमएच १२ आणि एमएच ४२ची रांग संपत नाही. स्टिअरिंगवर, गॅरेजमध्ये, पाट्यांच्या भट्टीवर, पंक्चरच्या टपरीत आपली माणसे किती आहेत हे मोजायला मला कुठल्या समितीची गरज वाटत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलेच होते की मुसलमान पगाराच्या नोकरीत कमी आणि स्वतःच्या हातावर पोट असलेल्यांत जास्त आहेत. त्या ‘हातावर’ या शब्दात गिअरची दांडी धरलेला हातही येतो.

तर आधी गिअरबद्दल. ज्यांनी फक्त कार चालवली आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो.

कारच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश असते. दोन दातेरी भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. ते एकमेकांत बसण्याआधी एक कडी घासून त्यांचा वेग सारखा करते. म्हणून क्लच दाबून दांडी ढकलली की गिअर लोण्यासारखा पडतो. जुन्या लेलंड गाड्यांच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ही सोय नव्हती. तिथे वेग सारखा करण्याचे काम ड्रायव्हरचे. वरचा गिअर टाकायचा तर क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, इंजिनचा आवाज खाली येऊ द्यायचा, मग पुन्हा क्लच आणि गिअर. खालचा टाकायचा तर त्याहून अवघड. क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून नेमकी तेवढीच रेस, पुन्हा क्लच आणि गिअर. हाच तो डबल क्लच. रेस कमी पडली तर खर्रर आवाज येतो, जास्त झाली तरी येतो. नेमकी किती, हे लोडवर, चढावर आणि त्या एका गाडीच्या स्वभावावर असते.

आवाज झाला म्हणजे फक्त दात झिजले असे नाही. खरी भीती पुढची. चढावर दहा टन माल घेऊन तुम्ही चौथ्यातून बाहेर पडलात आणि तिसरा पडलाच नाही, तर गाडी ना इकडची ना तिकडची. वेग दर सेकंदाला घटतो आहे, म्हणजे मघाशी जमली असती ती रेसही आता चालणार नाही. मागे बस आहे. क्लीनर लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारायच्या तयारीत.

माझे मामू लेलंड चालवायचे. त्यांचे म्हणणे असे, “बेटा, गेर हात से नई पडता, कान से पडता.” ते शाळेत चौथीपर्यंत गेले होते. इंजिनाचे फेरे, गिअरचे प्रमाण, जडत्व यातला एकही शब्द त्यांना येत नव्हता आणि यातली प्रत्येक गोष्ट त्यांना माहीत होती. नवी गाडी हातात आली की पहिले दहा-पंधरा किलोमीटर ते कुणाशी बोलत नसत.

हे ज्ञान कसे मिळायचे? उस्तादाकडून. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा क्लीनर म्हणून लागायचा. काच पुसणे, टायर ठोकून बघणे, ताडपत्री बांधणे, फाळका उघडणे, ग्रीस मारणे, चहा आणणे. पगार म्हणजे जेवण आणि ईदला कपडे. दोन-तीन वर्षांनी एखाद्या रात्री रिकामी गाडी आणि मोकळा रस्ता बघून उस्ताद म्हणायचा, बस. या पद्धतीचे गोडवे गाणारे लेख मी वाचले आहेत आणि मला ते पटत नाहीत. त्यात शिव्या होत्या, थपडा होत्या, शाळा सुटलेली होती. शिवाय उस्ताद शेवटचा पेच स्वतःकडे ठेवायचा, कारण पोरगा पूर्ण शिकला की मालक त्यालाच कमी पगारात गाडी देणार हे त्याला ठाऊक असायचे. पण एवढे मान्य करावेच लागेल की ती शाळा होती. वाईट होती, फुकट राबवून घेणारी होती, तरी शाळा होती.

आज क्लीनर परवडत नाही म्हणून बहुतेक गाड्यांवर क्लीनर नाही. ती शाळा बंद पडली आणि तिच्या जागी काही आले नाही. नेमक्या याच काळात गिअरबॉक्स अवघड होत गेला.

नऊ गिअरचा बॉक्स आपल्याकडे आधी फारसा कुणी बघितलेला नव्हता. त्यात तळाला क्रॉलर, मग चार गिअर, मग दांडीवरचे लो-हायचे बटण वर केले की त्याच चार जागांवर पाचवा ते आठवा. ओल्या काळ्या रानातून उसाने भरलेली गाडी बाहेर काढायची असेल तर क्रॉलरसारखा दोस्त नाही. चाक रुतते आहे, तरी इंजिन बंद पडत नाही, गाडी मुंगीसारखी पुढे येते. पण बटण वर राहिले असेल तर पहिल्याच्या जागी पाचवा पडतो, आणि नवखा माणूस भरल्या गाडीला पाचव्यात उचलत क्लच प्लेट जाळतो. ती प्लेट कुणाच्या पगारातून कापली जाते हे सांगायला नको. सोळा गिअरच्या बॉक्समध्ये तर प्रत्येक गिअरचे अर्धे-अर्धे दोन भाग. त्यासाठी आणखी एक बटण. ते आधी फिरवून ठेवायचे आणि क्लच दाबला की तो बदल होतो. माहीत असणाऱ्याच्या हातात ही गाडी घाटात डिझेल आणि ब्रेक दोन्ही वाचवते. माहीत नसणारा सोळापैकी सहा-सात गिअर वापरतो आणि बाकीचे दांडीवरच्या चित्रात राहतात.

त्यात २०१८ मध्ये सरकारने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. तीन आसांची गाडी २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली, मोठ्या ट्रेलरची मर्यादा ४९वरून ५५ टन झाली. मालकांना ते हवेच होते. मात्र वाढलेल्या टनांसोबत ड्रायव्हरच्या शिकण्याचा एक तासही वाढला नाही.

शिकवतो कोण? शोरूममधून नवी गाडी निघाली तर कुणीतरी एक फेरी मारून दाखवतो. ती गाडी पाच-सात वर्षांनी दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे जाते. तिसरा मालक शिरूरचा किंवा दौंडचा असतो. त्याच्या ड्रायव्हरला कोण दाखवणार? पार्किंगमध्ये दुसरा ड्रायव्हर दाखवतो, त्याला जेवढे कळले आहे तेवढे.

कुरकुंभच्या टँकरवाल्यांचे उदाहरण घ्या. धोकादायक रसायन नेणाऱ्या ड्रायव्हरला नियमाप्रमाणे तीन दिवसांचा कोर्स सक्तीचा आहे आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता येण्याची अटही आहे. गळती झाली तर काय करायचे, कुणाला कळवायचे, हे त्याला शिकवले जाते. चांगलेच आहे. पण अर्धा भरलेला टँकर गिअर बदलताना काय करतो? क्लच दाबला की ओढ तुटते, आतले द्रव पुढे धावते, गाडीला ढकलते, मग मागे फिरते. त्या हेलकाव्यात पुढचा गिअर नेमका कधी टाकायचा, ही गोष्ट टँकर उलटण्याशी थेट जोडलेली आहे. गळतीनंतरचे तीन दिवस शिकवायचे आणि गळती होऊ नये म्हणून जे हातात हवे ते नशिबावर सोडायचे, हा उलटा कारभार आहे.

आता न्यूट्रलचा विषय, कारण ड्रायव्हरला शिव्या द्यायच्या असल्या की सगळे इथेच येतात. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका अवजड गाडीने डझनावारी वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले नव्हते, उतारावर ड्रायव्हरने इंजिन बंद केले होते, अशा बातम्या तपासानंतर आल्या. इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद. एअर ब्रेकच्या टाकीतली हवा दर दाबाला कमी होत जाते. स्टिअरिंग जड होते. एक्झॉस्ट ब्रेकही जातो, कारण तो इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्ये असेल तरच धरतो. जुन्या उस्तादांचा नियम होता, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर.

मग ड्रायव्हर असे का करतात? लोक म्हणतात, डिझेल चोरायला. हे अर्धे खरे आहे. खेपेला डिझेल बांधून दिलेले असते. उरले तर ड्रायव्हरचे, कमी पडले तर त्याच्या खिशातून. पगार इतका कमी ठेवायचा की वाचलेले डिझेल हीच खरी कमाई ठरावी, आणि मग त्याने उतारावर डिझेल वाचवले म्हणून त्याला खुनी म्हणायचे, हे मला अप्रामाणिक वाटते. उरलेल्या अर्ध्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. उताराच्या मध्यावर गाडी वेगात आली की पाचव्यातून चौथ्यात, म्हणजे हायमधून लोमध्ये येणे हे अवजड गिअरबॉक्समधले अवघड काम आहे. तो गिअर पडत नाही. ड्रायव्हर न्यूट्रलमध्ये अडकतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. पंचनाम्यात ‘न्यूट्रल’ एवढेच लिहिले जाते. लोभाने न्यूट्रल केले की गिअर न पडल्याने झाले, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण दुसऱ्या उत्तराची जबाबदारी ड्रायव्हरच्या पलीकडे जाते.

याच रस्त्यांवर एक दुसरी परंपराही आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला नगरहून पुण्याला निघाली, म्हणजे ती शिरूरवरूनच गेली. तिच्या चालकाचे नाव, किसन राऊत, आजही दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येते. एसटी आपल्या चालकाची परीक्षा घेते, प्रशिक्षण देते, मगच गाडी देते. एसटीचा पगार काही फार नाही, पण चालकाचे काम हे शिकण्याचे आणि तपासण्याचे काम आहे हे त्या संस्थेने मान्य केले. त्याच रस्त्यावरून माल नेणाऱ्याच्या वाट्याला हे कधी आले नाही. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागायचा. आपल्याकडे दोन-तीन गाड्यांचे मालकच जास्त, आणि ते स्वतःही कर्जाच्या हप्त्यात बुडालेले.

२०१९ मध्ये केंद्राने परिवहन वाहनासाठी असलेली आठवी पासची अट काढून टाकली. त्यामागे हरियाणा सरकारची मेवातसाठीची मागणी होती. मेवातचे मेव मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ट्रक चालवतात आणि कागद नसल्याने त्यांची लायसन्से अडत होती. मी या निर्णयाच्या बाजूने आहे. आठवीच्या दाखल्याने गिअर पडत नाही. पण त्याच वेळी मंत्रालयाने असेही म्हटले होते की शाळेच्या जागी कौशल्याच्या प्रशिक्षणावर आणि चाचणीवर भर राहील. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग केंद्रांचे नियम आले. अवजडसाठी सहा आठवड्यांत ३८ तास. कागदावर हे उत्तम आहे. शिरूरच्या पोराने सहा आठवडे मजुरी सोडून, फी भरून तिथे जायचे कसे, आणि तिथे त्याला किती गिअरची गाडी मिळणार, हे प्रश्न शिल्लकच आहेत. अट काढली ती आपल्या लोकांच्या उपयोगाची होती, जी द्यायची होती ती अजून रस्त्यातच आहे.

सरकारवर टीका करून मी थांबणार नाही, कारण आपलेही एक देणे आहे. जुम्याच्या बयानात हाताच्या कमाईचे महत्त्व आपण ऐकतो. दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापात जोडण्याचा उल्लेख कुरआनात आहे, तोही ऐकतो. आणि मुलीला स्थळ आले की विचारतो, मुलगा काय करतो? पोराची आई उत्तर देते, ट्रान्सपोर्टमध्ये आहे. ड्रायव्हर हा शब्द तिच्या तोंडून निघत नाही, कारण निघाला तर स्थळ परत जाते. नापास झालेल्या पोराला ‘जा, गाडीवर बस’ म्हणणारे आपणच. जे काम आपण शिक्षेसारखे देतो, त्यात नीट शिकण्याची इच्छा पोराला कुठून येणार?

रांजणगावात ईटन कंपनीच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. शिरूर तालुक्यातलाच एक पोरगा आयटीआय करून अशा कारखान्यात लागतो. तो तंत्रज्ञ. त्याचा भाऊ तोच गिअरबॉक्स पन्नास टन मालाखाली घाटात चालवतो. तो ड्रायव्हर. पहिल्याच्या फोटोखाली जमातीच्या सत्कारात नाव छापतात. दुसरा त्या दिवशी गावातच नसतो. (शिरूर ते दौंड हे अंतर नमाजेत कसर करण्याएवढेही नाही, पण आपला ड्रायव्हर वर्षातले कितीतरी दिवस मुसाफिरच असतो. त्याच्या तरावीहची सोय हायवेवरच्या किती मशिदींनी केली, हा वेगळा लेख होईल.)

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो. आता ऑटोमॅटिक ट्रक आले, संगणक गिअर टाकतो, २०२५च्या ऑक्टोबरपासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसीही सक्तीचा, मग या जुन्या विद्येचे काय घेऊन बसलात? आक्षेप चुकीचा नाही. ज्याला मिळेल त्याने ऑटोमॅटिक जरूर चालवावा, गुडघा वाचेल. पण नवी गाडी आधी मोठ्या कंपनीच्या ताफ्यात जाते. दांडीवाली गाडी विकली जाते आणि ती येते आपल्याकडे. जिथे पैसा कमी तिथे हाताचा गिअर सर्वांत शेवटपर्यंत राहणार. शिवाय ऑटोमॅटिकवर शिकलेला मुलगा उद्या नाइलाजाने नऊ गिअरवर बसला तर? अमेरिकेत ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर तसे बंधन लिहिले जाते, हाताच्या गिअरचा ट्रक चालवता येत नाही. आपल्याकडे असे काही नाही.

माझी मागणी साधी आहे. अवजड लायसन्सवर गिअरबॉक्सचा प्रकार लिहा. ज्या प्रकारची गाडी द्यायची त्या प्रकारावर दोन दिवस, भरल्या लोडसह, पगारी प्रशिक्षण हे गाडी विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे काम करा, दुसऱ्या-तिसऱ्या विक्रीलाही. वीस-पंचवीस वर्षे गाडी चालवलेल्या, आता नजर आणि गुडघे गेलेल्या उस्तादांना शिकवण्याचा पगार द्या. पार्किंगमध्ये ते फुकट शिकवतातच.

आणि एक आपल्या घरातले. आमच्या भागातल्या एका जमातीचा शिष्यवृत्ती फंड आहे. दहावी-बारावी, डिप्लोमा, इंजिनिअरिंगला मदत मिळते. अवजड वाहनाच्या सहा आठवड्यांच्या कोर्सची फी आणि त्या काळातला घरखर्च त्यात बसवा, असा अर्ज मी दिला आहे. एका बुजुर्गांनी विचारले, ड्रायव्हर व्हायला कसली शिष्यवृत्ती? दुसऱ्यांनी, ज्यांचा स्वतःचा धाकटा भाऊ ट्रेलरवर आहे, त्यांनी अर्ज पुढच्या बैठकीत घ्यायला सांगितले. बैठक ईदनंतर आहे.